‘मुद्दाम करतो’ या वाक्याचीही तपासणी व्हावी: दिव्यांग कल्याण आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
दिव्यांग कल्याण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे

सादर नमस्कार.

राज्यातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थांमध्ये रात्रंदिवस राबणाऱ्या मावशी, मामा आणि काळजीवाहकांविषयी मी आपल्याला लिहिते आहे. त्यांची तक्रार करायची नाही. एखादा रहिवासी चावतो, डोकं भिंतीवर आपटतो, ताट भिरकावतो, अंगावरचे कपडे काढून फेकतो, तेव्हा या माणसांना त्यामागे काय दिसतं, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण पुढच्या पाच मिनिटांत त्या रहिवाशाला फटका मिळणार, खोलीत कोंडलं जाणार, झोपेची गोळी मिळणार की पाण्याचा ग्लास, हे त्यावरच ठरतं. आणि मावशींना काय दिसावं हे बऱ्याच अंशी भरती, पाळ्या, प्रशिक्षण आणि तपासणी यांतून ठरतं. हे सगळं आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून पत्र आपल्याला.

मी विशेष शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं निवासी संस्थांमध्ये वर्तनसमस्यांवर काम करते आहे. पुढे जे प्रसंग येतील त्यांतल्या माणसांची आणि संस्थांची ओळख पटू नये अशी काळजी घेतली आहे.

कुठल्याही संस्थेत गेलं की पहिल्या तासाभरात ठरावीक वाक्यं कानावर येतात. ‘मुद्दाम करतो, मॅडम.’ ‘सगळी नाटकं आहेत.’ ‘घरच्यांनी लाडावून ठेवलाय.’ ‘पाहुणे आले की हिला जास्तच चेव येतो.’ हा एक सूर. दुसरा सूर मायेचा असतो: ‘लेकरू आहे ते, त्याला काय कळतंय?’ ते लेकरू चाळीस वर्षांचं असलं तरी हेच वाक्य असतं. तिसरा सूर हात टेकलेला: ‘डोक्यातच बिघाड आहे, आपण काय करणार?’, ‘अमावस्या जवळ आली की असंच होतं.’

हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. एका पाळीत वीस जणांची आंघोळ, जेवण, शी-शू आणि औषधं सांभाळणाऱ्या बाईने आपल्या अनुभवातून काढलेले हे निष्कर्ष आहेत. कुणी तिला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. तरीही या तिन्ही सुरांत एक साम्य आहे आणि ते घातक आहे. तिन्ही ठिकाणी ‘का?’ हा प्रश्न तिथेच मिटतो. मुद्दाम करतो म्हटलं की शिक्षा उरते. त्याला काय कळतंय म्हटलं की सोसणं उरतं. डोक्यातला बिघाड म्हटला की गोळी उरते. आज सकाळी काय झालं होतं, कोण जवळ होतं, त्याचं पोट साफ होतं का, हे विचारायचं कारणच राहत नाही.

मानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या बर्नार्ड वायनर यांनी 1980 च्या सुमारास मांडलं की समोरच्याची अडचण त्याच्या हातातली आहे असं वाटलं तर आपल्याला राग येतो आणि मदतीची इच्छा आटते. हातातली नाही असं वाटलं तर कणव येते आणि आपण मदतीला सरसावतो. इंग्लंडमध्ये डेव्ह डॅगनन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हीच मांडणी बौद्धिक दिव्यांगांच्या काळजीवाहकांना लावून पाहिली. ‘तो हे आवरू शकतो’ असं मानणाऱ्यांकडे राग अधिक आणि मदतीची तयारी कमी, असं त्यांना दिसलं. पुढच्या अनेक अभ्यासांत हे गणित इतकं सरळ सुटलं नाही, हेही सांगायला हवं. कागदावर वाचलेला प्रसंग आणि दंडात रुतलेले दात यांत फरक पडतोच. पण आपल्याकडच्या संस्थांत वावरताना वायनर यांची मांडणी मला रोज आठवते. त्यात मी एवढीच भर घालीन की कणव आली म्हणून काम होतंच असं नाही. ‘देवाची लेकरं’ म्हणून ज्यांच्यावर जीव लावला जातो, त्यांना पाणी मागायची खूण शिकवायचं मात्र कुणाच्या मनातही येत नाही. शिकवायचं कशाला, त्याला काय कळतंय!

तिशीतला एक तरुण होता, बोलता न येणारा. दुपारच्या जेवणानंतर स्वतःच्या उजव्या कानावर हाताच्या बुक्क्या मारायचा. कानाची पाळी सुजून जाड झाली होती. लक्ष वेधून घेतो, असं सगळ्यांचं मत होतं आणि त्यावर उपायही ठरला होता: लक्ष द्यायचं नाही. काही संस्थांमध्ये ‘दुर्लक्ष करा’ हा उपाय कुणीतरी एका दिवसाच्या शिबिरात सांगून गेलेलं असतं आणि मग तो सरसकट वापरला जातो. अखेर कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा आत जुना संसर्ग होता, पू होता. औषध सुरू झाल्यावर बुक्क्या बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, कारण इतक्या महिन्यांत त्या बुक्क्यांना दुसरीही कामं चिकटली होती. बुक्की मारली की दुपारच्या कार्यशाळेतून सुटका होत होती.

ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं वर्तनातूनच बाहेर येतं. किडलेला दात, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, पाळीच्या दिवसांतली पोटदुखी, आकडी येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, नव्या गोळीने आलेली अस्वस्थता. बद्धकोष्ठतेचं तर विशेष आहे. अनेक मानसोपचाराच्या गोळ्यांनीच ती वाढते. त्रास होतो म्हणून माणूस ओरडतो, ओरडतो म्हणून गोळी वाढते आणि गोळी वाढली म्हणून पोट आणखी बांधलं जातं. डॉक्टरांकडे नेलं तरी ‘मतिमंद आहे, असं करणारच’ म्हणून तपासणी वरवर होते, हे पालक आणि अधीक्षक दोघांनीही अनुभवलेलं आहे. प्रत्येक तक्रार मूळ दिव्यांगत्वाच्या खात्यावर टाकायची ही सवय जगभरच्या डॉक्टरांत आढळते. ती मोडायला आधी जवळच्या माणसाने म्हणावं लागतं, ‘डॉक्टर, हा नेहमी असा नसतो.’ ते म्हणू शकणारी व्यक्ती म्हणजे मावशी. तिलाच जर वाटत असेल की हा मुद्दाम करतोय, तर ती डॉक्टरांपर्यंत पोचणारच नाही.

दुखणं नसेल तेव्हा काय? तेव्हा वर्तनाच्या आगेमागे बघावं लागतं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांचं वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की वरून सारखंच दिसणारं वर्तन निरनिराळ्या मुलांच्या बाबतीत निरनिराळ्या गोष्टींवर टिकून असतं. कुणाला त्यातून माणूस जवळ मिळतो, कुणाची नकोशा कामातून सुटका होते, कुणाला त्या हालचालीचंच सुख असतं. 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं: जी गोष्ट वर्तनातून मागितली जाते, ती मागण्याचा दुसरा मार्ग मुलाला शिकवा. ‘मदत हवी’ किंवा ‘माझं बरोबर आहे का?’ हे सांगायला येऊ लागलं की वर्गातला दंगा घटतो. हे महागडं तंत्र नाही. एक खूण, एक चित्र, एक घंटी यांवरही काम भागतं. मागितल्यावर ते मिळणं मात्र आवश्यक आहे, आणि तिथे संस्थेची परीक्षा असते.

कपडे काढणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देते. ‘लाजच नाही’ हा सगळ्यांचा निष्कर्ष. देणगीत आलेले नायलॉनचे गाऊन, मे महिन्याचा उकाडा आणि मानेला टोचणारं लेबल, एवढं पाहायला कुणी थांबलं नव्हतं. सुती गाऊन घातल्यावर आणि लेबलं कापल्यावर प्रश्न बराचसा निवळला. असे सोपे प्रसंग थोडेच असतात, म्हणून मी ते फार मिरवत नाही. बहुतेक ठिकाणी गुंता असतो आणि त्या गुंत्यात कर्मचारी स्वतःही अडकलेला असतो.

तो गुंता समजून घेण्याजोगा आहे. रात्री अडीच वाजता एक जण किंचाळायला लागतो. मावशी एकट्या. किंचाळणं चालू राहिलं तर सगळं दालन जागं होणार. त्या बिस्किट देतात, तो शांत होतो. दुसऱ्या दिवशी अधीक्षक म्हणतात, ‘तुम्हीच सवय लावलीत.’ तांत्रिकदृष्ट्या ते खरंही आहे, त्याला किंचाळून बिस्किट मिळतं हे कळलं. पण मावशींनाही काहीतरी कळलं आहे: बिस्किट दिलं की शांतता मिळते. दोघंही एकमेकांना शिकवताहेत. जिथे बिस्किटाऐवजी चापट चालते तिथेही हेच होतं. चापट मारल्यावर क्षणभर शांतता होते, म्हणून हात पुन्हा उठतो. एकट्या माणसाला रात्री ताबडतोब शांतता हवी असते आणि ताबडतोब शांतता देणारे उपायच दीर्घकाळात वर्तन बिघडवतात. याला मावशींचा स्वभाव जबाबदार धरून चालणार नाही. रात्रपाळीला दुसरा माणूस नाही, हे त्याचं कारण आहे.

काही वर्तनांमागे चक्क दुःख असतं आणि ते दुःख म्हणून मोजलंच जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घरचे न्यायला येतात ते जातात, बाकीचे फाटकाकडे बघत बसतात. ‘सुट्टीत ही मुलं फार बिघडतात’, असं प्रत्येक संस्थेत सांगतात. एखाद्या मावशींनी नोकरी सोडली की त्यांच्याच हातून जेवणारी मुलगी दुसऱ्यांना ओरबाडू लागते, आणि नव्या मावशींना वाटतं ही आपल्याला पाण्यात पाहते. कंत्राट बदललं की माणसं बदलतात. कंत्राटाच्या फाइलीत रहिवाशांचा विचार कुठेही नसतो. आईवडील वारल्याची बातमी कित्येकदा रहिवाशाला सांगितलीच जात नाही, कारण पुन्हा तेच: त्याला काय कळतंय.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडण्याचा प्रश्न याच्याशी थेट जोडलेला आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं, अठराव्या वर्षानंतरही त्यांना तिथेच ठेवलं आणि अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, आनंद आहे. मागणीचं काय झालं हे आपण जाणता. माझ्या कामाच्या बाजूने मी एवढंच सांगीन की ज्या माणसांना एकमेकांची वर्षानुवर्षांची ओळख असते तिथे ‘अचानक हिंसक झाला’ हे वाक्य फार क्वचित ऐकू येतं. ओळखीच्या माणसाला आधीची चिन्हं दिसतात. बोटं चोळायला लागला, चालण्याचा वेग वाढला, जेवणात लक्ष नाही. अनोळखी माणसाला थेट दगडच दिसतो.

आता गोळ्यांबद्दल. राग आणि मारामारीसाठी रिस्परिडोन, हॅलोपेरिडॉल अशी मनोविकारांवरची औषधं सर्रास दिली जातात. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी आक्रमक वर्तन असलेल्या 86 बौद्धिक दिव्यांग प्रौढांवर केलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये 2008 साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रिस्परिडोन, एकाला हॅलोपेरिडॉल, एकाला नुसती औषधविरहित गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि सर्वांत जास्त घट औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत दिसली. ज्यांना खरोखरच मनोविकार आहे त्यांना औषध लागतं, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. पण ‘मारतो म्हणून गोळी’ या सूत्राला आधार किती पातळ आहे हे आपल्या संस्थांमधून फिरणाऱ्या डॉक्टरांनी आणि अधीक्षकांनी समजून घ्यायला हवं. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी चालू असते. कुणी सुरू केली, कशासाठी केली, कधी कमी करून पाहायची, याची नोंद सापडत नाही. माणूस मलूल झाला की ‘आता छान शांत आहे’ म्हणतात.

काळजीची अडचण रहिवाशांच्या शरीरावर ढकलण्याचं टोक या राज्याने पाहिलेलं आहे. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्या स्वच्छता राखू शकत नाहीत, हे कारण सांगितलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर चर्चा झाली. त्या कारणाकडे मी शिक्षिका म्हणून पाहते तेव्हा मला पुढचे प्रश्न दिसतात. त्या मुलींना पॅड बदलायला कुणी, किती दिवस, कोणत्या पद्धतीने शिकवलं होतं? किती मुलींमागे किती मावशी होत्या? पाळीची स्वच्छता टप्प्याटप्प्याने शिकवता येते, आमच्या विशेष शाळांतून ती रोज शिकवली जाते. तिथे प्रश्न मनुष्यबळाचा आणि शिकवण्याचा होता, तो मुलींच्या अंगावर लिहिला गेला. त्याला तीस वर्षं उलटून गेली. शस्त्रक्रिया थांबल्या असतील. पण कर्मचाऱ्यांच्या टंचाईला ‘मुलीचं वर्तन’ असं नाव देण्याची रीत सुरूच आहे.

कायदा आपल्या बाजूने भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 6 क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं, कलम 7 अत्याचार आणि शोषणापासून. कलम 92 मध्ये, दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. ‘ताट फेकलंस ना, आता आज उपाशी राहा’, हे वाक्य किती संस्थांत किती सहज उच्चारलं जातं, आपण एकदा मावशींशी बसून बोलावं. त्यांच्यापैकी क्वचितच कुणाला माहीत असतं की हा गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांनी बांधलेली 28 माणसं आगीत जळून गेली. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 95 ने मानसिक आजारी व्यक्तीला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली. तो कायदा बौद्धिक दिव्यांगत्वाला मानसिक आजार मानत नाही, आणि ते योग्यच आहे. पण म्हणून ओढणीने खाटेला बांधलेली मुलगी कुठल्या नोंदवहीत येते? मी पाहिलेल्या नोंदवह्यांत तिच्यासाठी रकाना नव्हता. ‘दंगा केला, समज दिली’ एवढीच ओळ होती.

कॅमेरे लावून आणि गुन्हे दाखल करून हे सुटेल असं कुणाला वाटत असेल तर ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयाचं प्रकरण पाहावं. 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथल्या बौद्धिक दिव्यांग रुग्णांना होणारी मारहाण दाखवली. 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांतले सहा जण तुरुंगात गेले. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने त्याआधीच व्यवस्थापनाला आणि नियामक यंत्रणेला कळवलं होतं आणि वेळेवर कुणी हललं नव्हतं, ही गोष्ट मला जास्त बोचते. आपल्याकडे एखाद्या मावशींनी ‘इथे चुकीचं चाललंय’ असं सांगायचं ठरवलं तर त्यांनी कुणाकडे जावं? संस्थाचालकांकडे? मावशींची नोकरी तर त्या चालकांच्याच हातात आहे.

या मावशींची बाजू मी अधिक जोराने मांडायला हवी. दंडावर दातांचे व्रण घेऊन त्या दुसऱ्या दिवशी कामाला येतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे स्वतः भरतात. केस उपटले गेले, चष्मा फुटला, मनगट मुरगळलं, तर ‘या कामात हे चालायचंच’ असं ऐकून घेतात. अंगावर घाण फेकली गेल्यावर त्यांना वाटतं ते अपमान, किळस आणि भीती हे सगळं कुणाशी बोलायची सोय नाही. ज्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगायला जागा नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच्या वागण्यातलं दुखणं ओळखायची अपेक्षा आपण करतो आहोत. भीती वाटत असताना ‘मुद्दाम करतो’ हे स्पष्टीकरण जवळचं वाटतं, कारण त्यात निदान राग धरता येतो. या माणसांवर ‘संवेदनशीलता’ विषयाचं आणखी एक भाषण लादू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रशिक्षण हवं, पण ते कसं, हे नीट ठरवायला हवं. सध्याचं बहुतेक प्रशिक्षण सभागृहात होतं, त्याला दिवसपाळीचे शिक्षक आणि अधीक्षक येतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. रात्रपाळीचे मामा, स्वयंपाकघरातल्या ताई, फाटकावरचे रखवालदार कधीच येत नाहीत. आणि वर्तनाचे निम्मे प्रसंग त्यांच्याच समोर घडतात. साधनं नव्याने शोधायचीही गरज नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने 1992 मध्येच भारतीय मुलांसाठी वर्तन-मूल्यमापनाची मापनश्रेणी तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात समस्यात्मक वर्तनाच्या 75 बाबी आहेत. आम्ही विशेष शिक्षक पदविकेला असताना ती शिकतो, परीक्षेपुरती भरतो. तिचा गाभा एका पानाच्या सोप्या मराठीत आणून मावशींच्या हातात दिला तर? आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं, असे तीन रकाने. लिहिता न येणाऱ्या मावशींनी मोबाइलवर आवाज नोंदवावा, शिक्षकाने तो उतरवावा. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी घेऊन मी मावशींबरोबर बसते तेव्हा मला फारसं बोलावं लागत नाही. ‘अगं बाई, हे सगळं आंघोळीच्या आधीच होतंय की!’ हे त्यांचं त्यांनाच दिसतं. अमावस्येचा समजही अशाच वहीने सुटतो, वाद घालून नाही. तारखा समोर मांडल्या की अमावस्येला काही जुळत नाही आणि दर सोमवारी, पाळी बदलते त्या दिवशी, प्रसंग वाढतात असं दिसू लागतं.

म्हणून आपल्या खात्याकडे माझं पहिलं मागणं तपासणीबद्दल आहे. अधिकारी येतात तेव्हा खाटा, संडास, हजेरीपट, धान्याचा साठा पाहतात, ते पाहायलाच हवं. त्याबरोबर त्यांनी दोन-तीन काळजीवाहकांना, संस्थाचालक जवळ नसताना, एखाद्या रहिवाशाबद्दल विचारावं: हा असं का करतो, तुम्हाला काय वाटतं? उत्तर लिहून घ्यावं. सगळीकडून ‘मुद्दाम’ हेच उत्तर आलं, तर त्या संस्थेला प्रशिक्षण आणि मनुष्यबळ हवं आहे असं समजावं. त्या उत्तरासाठी कर्मचाऱ्याला शिक्षा होता कामा नये. झाली तर पुढच्या वेळी सगळे पाठ केलेलं उत्तर देतील.

दुसरं मागणं असं की वर्तन अचानक बदललं तर आठवड्याच्या आत कान, दात, पोट, आकडी आणि चालू औषधं यांची वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय कोणतीही नवी मानसोपचाराची गोळी सुरू होऊ नये, असं परिपत्रक काढावं. चालू गोळ्यांचा आढावा दर सहा महिन्यांनी व्हावा, आणि त्या चर्चेला डॉक्टरांसमोर रोजच्या मावशींना बसवावं.

बांधणं, कोंडणं, जेवण रोखणं यांसाठी वेगळी नोंदवही असावी. त्यात खरं लिहिणाऱ्याला संरक्षण असावं. आणि आयुक्तालयाशी थेट बोलता येईल असा एखादा क्रमांक प्रत्येक संस्थेच्या स्वयंपाकघरात मराठीत लावलेला असावा, कार्यालयात नको.

रात्रपाळीला कुणीही एकटं असू नये. यासाठी पैसा लागतो हे मला कळतं. विनाअनुदानित संस्था यावर हात वर करतील, हेही कळतं. तरीही वेतन, दुखापतीचा खर्च आणि दोन माणसांची रात्रपाळी यांवाचून वरचं सगळं कागदावरच राहील, म्हणून या मागणीवर मी सर्वांत जास्त जोर देते. मोठ्या प्रसंगानंतर त्या पाळीतल्या लोकांना अर्धा तास बसून बोलायची मुभा कामाच्या वेळेत द्यावी. काय झालं, कुणाला लागलं, पुढच्या वेळी आधी काय दिसू शकेल, एवढ्याच गोष्टी बोलाव्यात. चूक कुणाची हे त्या अर्ध्या तासात विचारू नये.

स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करण्यात महाराष्ट्र देशात पुढे राहिला. त्या विभागाकडून अशी अपेक्षा ठेवणं गैर नाही. दोन जिल्ह्यांतल्या मोजक्या संस्थांत, अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही घेऊन, सहा महिने ही तीन रकान्यांची वही आणि रात्रपाळीच्या वेळेतलं प्रशिक्षण चालवून पाहावं. रात्री दहा ते बारा या वेळात शिकवायला यावं लागेल. मी येईन, आणि माझ्या ओळखीतले अनेक विशेष शिक्षक येतील. मानधनाची अट नाही. अट एकच: बसायला त्या पाळीतले सगळे हवेत आणि तेवढ्या वेळापुरतं दालन सांभाळायला बदली माणसं संस्थेने द्यावीत.

आपल्या कार्यालयाकडून भेटीची वेळ मिळाली तर नोंदींचे नमुने आणि तपासणीच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा घेऊन येईन. येताना दोन मावशींनाही बरोबर आणायची परवानगी असावी. त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, एवढं पत्र आधी मिळावं.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका